कुलूप, राखणदार आणि राबता

वर्ध्याहून सेलू आणि हिंगणीमार्गे बोर धरणाकडे जाणाऱ्या प्रवाशास अलीकडच्या काही वर्षांत रस्त्याच्या दोन्ही अंगांना एक नवे दृश्य दिसू लागले आहे. कपाशी, तूर आणि सोयाबीन यांच्या वावरांत, जेथे पूर्वी फार तर बैल बांधण्याचा कोठा किंवा जागलीसाठी उभारलेला मचाण असे, तेथे आता तारेचे कुंपण, लोखंडी फाटक आणि त्याच्या आत रंगविलेले टुमदार घर उभे असते. बोर अभयारण्य १९७० चे. २०१४ मध्ये त्यास व्याघ्रप्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि सुमारे १३८ चौरस किलोमीटरांच्या या लहानशा अरण्यात वाघ पाहण्यासाठी नागपूर-अमरावतीहून व त्याहूनही दूरच्या शहरांतून जसजसे लोक येऊ लागले, तसतशी त्यांस दोन रात्री उतरण्यापुरती जागा देणारी घरेही वाढली. कोणी नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक झालेला गृहस्थ वडिलोपार्जित घर दुरुस्त करून ते पाहुण्यांस भाड्याने देतो, तर कोणी शेतातच नवे घर बांधतो. या सर्व घरांचे एक समान लक्षण असे, की वर्षातील पुष्कळ दिवस ती रिकामी असतात आणि त्यांचा धनी त्यांच्यापासून फार दूर असतो. अशा घराची राखण कशी व्हावी, या प्रश्नाचा त्याच्या सर्व अंगांनी आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

गेल्या वैशाखात एका स्नेह्यांच्या अशाच घरी जाण्याचा योग आला. पुढच्या दाराला भले मोठे पितळी कुलूप होते, आणि ते किती खटक्यांचे आहे हे त्यांनी मोठ्या समाधानाने सांगितले. परंतु ते कुलूप ज्या कोयंड्यात अडकविले होते, तो कोयंडा चौकटीला चार लहान स्क्रूंनी बसविलेला होता, आणि त्या चारही स्क्रूंची डोकी बाहेरून उघडी दिसत होती. पंधरा रुपयांच्या पेचकसाने कुलपाला हातही न लावता दार उघडता आले असते. घराच्या मागच्या अंगास गेल्यावर तर याहूनही ठळक गोष्ट नजरेस पडली. उन्हाळ्यात कूलर बसविण्यासाठी खिडकीचे गज कापून एक चौकोनी जागा केलेली होती, आणि कूलर आत काढून ठेवल्यामुळे त्या जागेवर प्लायवुडची एक फळी चार खिळ्यांवर ठोकलेली होती. दारावर हजार-बाराशे रुपयांचे कुलूप आणि खिडकीवर चार खिळे! माझ्या स्नेह्यांची सावधगिरी खरी होती, पैसाही खर्च झालेला होता. उणीव होती ती एवढीच की, घराकडे परक्याच्या दृष्टीने एकदाही पाहिले गेले नव्हते.

ही परक्याची दृष्टी आपल्या वाङ्मयास अपरिचित नाही. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’चा तिसरा अंक, जो गोविंद बल्लाळ देवलांच्या मराठी नाटकामुळे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला, तो घरफोडीचा एक सांगोपांग अभ्यासच म्हणावा लागेल. नाटकाचा नायक चारुदत्त याच्या घराच्या भिंतीशी आलेला चोर शर्विलक प्रथम भिंत तपासतो. कोठे पाण्याने माती भुसभुशीत झाली आहे, कोठे क्षाराने विटा खाल्ल्या आहेत, हे चाचपतो. भाजलेल्या विटा उपसाव्यात, कच्च्या विटा कापाव्यात, असा शास्त्रार्थ स्वतःशीच करतो. भिंतीला पाडावयाच्या छिद्राचे कमळ, सूर्य, चंद्रकोर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे आकार मनाशी आठवतो. आणि मापाची दोरी विसरली म्हणून जानव्याने मोजमाप घेतो. आत शिरल्यावर बिजागरी कुरकुरू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडतो आणि घरातील माणसे खरोखर निजली आहेत की नाहीत याची परीक्षा करतो. दोन सहस्रकांत भिंती बदलल्या, हत्यारे बदलली. परंतु घराचा सर्वांत दुर्बल भाग शोधणे, आवाज टाळणे आणि माणसाची चाहूल घेणे, ही त्या विद्येची तीन कलमे जशीच्या तशी राहिली आहेत. रक्षणाचा विचार करणाऱ्याने म्हणूनच एका संध्याकाळी आपल्या घराभोवती शर्विलकाच्या पावलांनी एक फेरी घालावी. जेथे त्याचे पाऊल थबकले असते, तेथे दुरुस्तीस आरंभ करावा.

राज्यसंस्थेनेही हा प्रश्न फार पूर्वीच हाती घेतला होता. कौटिल्याने गावात मुक्काम केलेल्या व्यापाऱ्याचा माल चोरीस गेल्यास तो भरून देण्याची जबाबदारी ग्रामप्रमुखावर टाकली, दोन गावांमधील भूमीसाठी विवीताध्यक्षास, म्हणजे कुरणांच्या अधिकाऱ्यास, आणि जेथे तोही नसेल तेथे चोररज्जुक नामक अधिकाऱ्यास उत्तरदायी धरले. याज्ञवल्क्य स्मृतीनेही चोराचा माग गावाबाहेर गेलेला दिसत नसेल तर दोष गावाच्या मुख्याकडे जातो, असे सांगितले. हेच तत्त्व मराठेशाहीच्या गावगाड्यात जागल्या, वेसकर आणि रामोशी यांच्या रूपाने नांदत होते. रात्री गस्त घालणे, परक्या इसमाची खबर पाटलास देणे, आणि चोरी झाल्यास पावलांचा माग काढीत तो शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोहोचविणे, हे रामोश्याचे काम; माग शिवेपार गेला की जोखीम पुढल्या गावाची, आणि न गेल्यास चोर तरी हजर करावयाचा किंवा नुकसान तरी भरून द्यावयाचे, अशी वहिवाट होती. या चाकरीबद्दल त्यास धान्याचा वाटा, सणावारांचा मान आणि काही ठिकाणी जमीन मिळे. राखणदाराचा हक्क आणि राखणदाराची जबाबदारी या एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या.

हा हक्क तोडल्यावर काय होते, याचाही दाखला महाराष्ट्राच्या इतिहासात आहे. इंग्रजी अंमलात पुरंदर परिसरातील रामोश्यांची किल्ल्यांवरील आणि गावांवरील राखणीची वतने व हक्क संपुष्टात आले, आणि ज्यांच्या हाती रक्षणाचे काम पिढ्यान्‌पिढ्या होते त्याच समाजातून उमाजी नाईकांचे बंड उभे राहिले. १८३२ मध्ये पुण्यास त्यांना फाशी देण्यात आले. पुढच्याच वर्षी, ज्या कॅप्टन मॅकिंटॉशने या बंडखोरांचा पाठलाग केला होता, त्याचाच रामोशी समाजावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या साऱ्या प्रकरणाकडे आज पाहिले असता मनावर ठसते ते हे, की ज्याच्यावर घराची राखण सोपवावयाची त्याच्या पोटाची तजवीज करणे ही दानशूरता नसून राखणीचाच पहिला भाग आहे. या लेखात पुढे येणाऱ्या सर्व साधनांच्या चर्चेत हे सूत्र मला पुनःपुन्हा आठवते.

वऱ्हाड-नागपुराकडील व्यवस्था थोडी निराळी होती. १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळ्या काढलेल्या वर्धा जिल्ह्यात मालगुजारी पद्धत होती. मालगुजाराची मातीची गढी, तिचा भक्कम दरवाजा, आणि शेतकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने मोबदला घेणारा गावचा कोतवाल, ही येथील सुरक्षिततेची चौकट होती. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, गढ्यांच्या भिंती पावसाने खचत गेल्या, आणि कोतवाल महसुली दप्तराचा सेवक होऊन तलाठ्याच्या हाताखाली आला. १९६७ च्या कायद्याने नेमला जाणारा पोलीस पाटील आज गावात आहे, आणि अनेक ठिकाणी ग्रामसुरक्षा दलेही आहेत. परंतु शेतात एकाकी उभ्या असलेल्या आणि शहरवासी मालकाच्या घराची जोखीम गाव आपली मानील की नाही, हे कोणत्याही कायद्याने ठरत नाही. ते मालकाच्या वागणुकीने ठरते.

वर्ध्याच्या भूमीवर या विषयाचा विचार करताना आणखी एका विचारधारेस नमस्कार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्यापूर्वी सत्तावीस वर्षे, १९०९ मध्ये लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी घरात शिरणाऱ्या चोराचाच दृष्टांत घेतला होता: हत्यार उपसल्याने चोर अधिक हत्यारबंद होतो आणि वैर वाढत जाते, उलट त्यास अज्ञानी बंधू मानून दारे-खिडक्या उघड्या ठेवल्यास त्याच्याच मनात पालट होण्याचा संभव असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. आश्रमाच्या एकादश व्रतांत अस्तेय आणि असंग्रह ही दोन व्रते जवळजवळ ठेवलेली आहेत, ती याच विचाराने. गरजेबाहेरचा साठा हाही एका अर्थी दुसऱ्याच्या वाट्याचा अपहारच, असे मानणाऱ्या माणसाच्या घरात चोरास नेण्याजोगे फारसे राहतच नाही. पवनारच्या धाम नदीकाठी आश्रम करून राहिलेल्या विनोबांनी १९६० च्या मे महिन्यात चंबळच्या खोऱ्यात पदयात्रा केली, तेव्हा वीस दरोडेखोरांनी त्यांच्यापुढे शस्त्रे ठेवली. हृदयपरिवर्तनावर ज्यांची श्रद्धा नाही, त्यांनाही हा इतिहास नाकारता येणार नाही.

परंतु त्याच सेवाग्रामात एक क्लेशकारक घटना घडली. बापू कुटीत दर्शनासाठी ठेवलेला गांधीजींचा गोल भिंगांचा चष्मा २०१० च्या नोव्हेंबराच्या सुमारास नाहीसा झाला, आणि ही गोष्ट सर्वांना कळली व पोलिसांकडे गेली ती २०११ च्या जूनमध्ये, आश्रमाच्या पंचाहत्तरीच्या वेळी. माती, बांबू आणि कौले यांच्या त्या कुटीत सोन्यारुप्याची वस्तू एकही नाही. तरीही जिचे मोल केवळ स्मृतीत आहे अशी वस्तू तेथून गेली. या घटनेत कोणास दोष देण्याचा माझा अधिकार नाही. तिच्यापासून घेण्याजोगा बोध मात्र स्पष्ट आहे: ज्या वास्तूत परक्या माणसांची सतत ये-जा असते, तेथे सामानाची रोजची मोजदाद आणि कमी आढळल्याबरोबर फिर्याद, या दोन गोष्टी कुलपाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. सात महिन्यांत थंड पडलेला माग कोणत्याही रामोश्यास काढता आला नसता.

उघड्या दारांचा आणखी एक दाखला घ्यावयाचा तर अहिल्यानगर जिल्ह्यातील शनिशिंगणापूरच्या घरांना दारे नसतात ही गोष्ट सर्वश्रुत आहे. २०११ मध्ये एका राष्ट्रीयीकृत बँकेने आपली शाखाही तेथे कुलपावाचून उघडली. देवाच्या कोपाची भीती हे तेथील एक कारण खरेच. परंतु गावातील प्रत्येक माणूस प्रत्येक घराकडे आपले म्हणून पाहतो, हे दुसरे कारण त्याहून कमी बलवान नसावे. पुढे यात्रेकरूंची संख्या वाढली आणि २०१५ मध्ये तेथेही पोलीस ठाणे उघडावे लागले. जेथे ओळखीच्या माणसांपेक्षा अनोळखी माणसे अधिक होतात, तेथे केवळ श्रद्धेची राखण पुरी पडत नाही. आणि भाड्याचे विश्रामगृह ही तर अनोळखी माणसांसाठीच उघडलेली वास्तू आहे.

आता साधनांकडे वळू. कुलपाबद्दल आपल्या लोकांत जो विश्वास आहे त्यास आधार नाही असे नाही. अलीगढच्या कारागिरांनी आणि १८९७ पासून मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी कुलपांचा जो उद्योग उभा केला, त्याने स्वदेशीच्या इतिहासात मानाचे स्थान मिळविले आहे. तथापि कुलपाची खरी मर्यादा १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनाच्या वेळी एकदाच कायमची सिद्ध झाली. हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने चब कंपनीचे त्या काळी अभेद्य मानले गेलेले कुलूप सुमारे पंचवीस मिनिटांत उघडले. ब्रामा कंपनीच्या कुलपास मात्र त्याला सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले. उघडले दोन्ही. कुलूप चोरास थांबवीत नाही, त्याचा वेळ खर्च करविते. आणि तो वेळ उपयोगी पडण्यासाठी कोणीतरी येण्याची, निदान पाहण्याची, शक्यता असावी लागते. ज्या शेतघराकडे पंधरा दिवसांत कोणी फिरकत नाही, तेथे एक्कावन्न तासही चोराच्या पदरी आहेतच.

म्हणून दारात गुंतवावयाचा पैसा कुलपापेक्षा कडी, कोयंडा आणि चौकट यांत आधी घालावा. कोयंडा स्क्रूंऐवजी आरपार बोल्टाने बसवून नट आतल्या अंगास आवळावा. बिजागऱ्या दाराच्या बाहेरच्या अंगास येत असतील तर त्यांच्या पिना ठोकून बंद कराव्यात. मागच्या दारास जुन्या वाड्यांत असे तसा आडवा अडसर द्यावा. लोंबते कुलूप घर रिकामे असल्याची जाहिरात करते, त्याऐवजी दारातच बसविलेले कुलूप बरे, कारण घर बंद आहे की आत माणसे आहेत हे रस्त्यावरून कळत नाही. आणि विदर्भातल्या प्रत्येक घराने कूलरच्या जागेचा स्वतंत्र विचार करावा. वर्ध्याचा पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा कूलरवाचून जगणे कठीण. पण त्यासाठी गज कापावयाचे असतील तर कूलरच्या बाहेरून लोखंडी पिंजरा भिंतीत पक्का करावा, जो कूलर काढल्यावरही जागेवर राहील.

येथील ऋतूंनाही या विषयात स्वतःचा वाटा आहे. उन्हाळ्याच्या रात्री कुटुंब गच्चीवर निजते आणि खालचे घर मोकळे पडते. जे खाली निजतात त्यांच्या कानी कूलरच्या घरघरीमुळे दुसरा कोणताही आवाज येत नाही. पावसाळ्यात व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातील सफारी बंद राहते, पाहुणे येत नाहीत, पांदण रस्ते चिखलाने अडतात, आणि पत्र्यावर कोसळणाऱ्या पावसात हातोड्याचा ठोकाही विरून जातो. दिवाळीत आणि लग्नसराईत गावाकडची माणसे इकडे-तिकडे पांगतात. शेतघरातून जाणाऱ्या वस्तू तरी काय असतात? मोटारपंपाची तांब्याची केबल, इन्व्हर्टरची बॅटरी, सौर तावदाने, गॅसची टाकी, पितळेची भांडी, पाण्याचे नळ. या वस्तू एकेकट्या फार मोलाच्या नसल्या तरी त्या गेल्यावर घर पाहुण्यांस देता येत नाही, आणि केबल तोडताना विहिरीवरचे सारे यंत्र बिघडते. पावसाळ्यापूर्वी बॅटरी आणि नेण्याजोगे सामान गावातील विश्वासू घरी हलवावे, केबल लोखंडी नळीतून जमिनीखाली न्यावी, प्रत्येक यंत्राचा क्रमांक आणि छायाचित्र जपून ठेवावे. दागिने अशा घरात कधीही नसावेत. ते बँकेच्या पेटीत असावेत, जेथे २०२२ पासून लागू झालेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेच्या कसुरीमुळे चोरी झाल्यास वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत तिची जबाबदारी असते.

यंत्रांच्या बाबतीत अतिविश्वास आणि अतिशंका दोन्ही टाळावीत. कॅमेरा उपयोगी आहे. परंतु सर्व चित्रण ज्या डबीत साठते ती दूरदर्शन संचाशेजारी ठेवलेली असेल, तर चोर जाताना तीच उचलून नेतो आणि साक्षीदारासह पसार होतो. ती डबी माळ्यावर किंवा भिंतीतील बंद कप्प्यात असावी, तिला विजेची पर्यायी सोय असावी, आणि चित्रण शक्य तर दूर अन्यत्रही साठत राहावे. जंगलालगत दूरध्वनीचे जाळे पुष्कळदा लागत नाही. म्हणून केवळ मालकाच्या हातातील यंत्रावर इशारा पाठविणाऱ्या व्यवस्थेपेक्षा जागच्या जागी मोठ्याने वाजणारा भोंगा, जो शेजारच्या धुऱ्यावर ऐकू जाईल, अधिक भरवशाचा. कॅमेरा फाटक, अंगण आणि वाहन उभे करण्याची जागा एवढ्यांपुरताच असावा व तो असल्याचे पाहुण्यांस आधी सांगावे. ज्या खोलीत माणूस निजतो किंवा स्नान करतो तेथे गुप्तपणे चित्रण करणे हा स्वतःच एक गंभीर गुन्हा आहे, आणि चोरापासून वाचण्यासाठी अतिथीची अब्रू गहाण टाकता येत नाही.

कुत्रा पाळावा, असा सल्ला सर्वत्र दिला जातो. परंतु बोरच्या परिसरात बिबट्याचा वावर आहे, आणि साखळीला बांधलेला कुत्रा हे त्याचे सहज भक्ष्य होते. कुत्रा ठेवणे असेल तर रात्री त्यास ओसरीत जाळीच्या आत ठेवावे. कुंपणात वीज सोडण्याचा मार्ग मात्र सर्वथा वर्ज्य मानला पाहिजे. ब्रह्मपुरीकडून पकडून २०१७ मध्ये बोरच्या अरण्यात सोडलेली एक तरुण वाघीण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कारंजा तालुक्यात अशाच वीजप्रवाही कुंपणास लागून मेली. कुंपण पिकाच्या रक्षणासाठी होते. कोणास मारण्याचा हेतू नव्हता. विजेच्या तारेस हेतू कळत नाही. तिला वाघ, गुरे, शेजाऱ्याचे मूल आणि चोर सारखेच. मालमत्तेच्या रक्षणार्थ प्राणहानीची सिद्धता करून ठेवणे, हे कायद्यास मान्य नाही आणि सेवाग्रामच्या शेजारधर्मास तर नाहीच नाही.

भाड्याने दिलेल्या घराचा विशेष धोका असा, की तेथे दार फोडण्याची गरजच राहत नाही. किल्ली आज एकाच्या, उद्या दुसऱ्याच्या हाती जाते, आणि बाजारात तिची नक्कल घडीभरात होते. येथे आकडे दाबून उघडणारे कुलूप सोयीचे, मात्र प्रत्येक पाहुणा गेल्यावर आकडा बदलला पाहिजे. किल्लीच ठेवणे असेल तर ती कुंडीखाली किंवा चौकटीवर न ठेवता माणसाच्या हातून माणसाच्या हाती द्यावी. जाहिरातीसाठी दिलेल्या छायाचित्रांत खोल्यांची मांडणी, मागची दारे आणि किमती वस्तू दिसत असतात, आणि आरक्षणाच्या तक्त्यावरून घर कोणत्या तारखांना मोकळे आहे हे कोणालाही समजते. म्हणून छायाचित्रे निवडताना विवेक हवा, आणि रिकाम्या तारखांना घरी कोणीतरी झोपावयास येईल अशी तजवीज हवी. येणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी. पाहुणा परदेशी असेल तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत विहित नमुन्यात शासनास कळविणे बंधनकारक आहे. पाहुण्यांच्या सामानासाठी खोलीत पक्के बसविलेले लोखंडी कपाट असावे. ‘मृच्छकटिका’त चारुदत्ताच्या घरातून गेले ते त्याचे स्वतःचे धन नव्हते, नायिका वसंतसेनेने विश्वासाने ठेवलेली ठेव होती. आणि म्हणूनच त्याचे दुःख चोरीच्या दुःखाहून मोठे झाले, आणि त्या ठेवीच्या बदली त्याच्या पत्नीने आपली रत्नमाला काढून दिली. आपल्या छपराखाली आलेल्याची वस्तू गेली तर ती आपली अप्रतिष्ठा, ही भावना भाडे घेतल्याने कमी होत नाही. उलट वाढली पाहिजे.

आणि आता राखणदार. गेल्या अर्धशतकातील अपराधशास्त्राने या विषयावर पुष्कळ अभ्यास केला आहे. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ मध्ये असे मांडले, की गुन्हा घडण्यास प्रवृत्त झालेला माणूस, मोहात पाडणारी वस्तू आणि राखणाऱ्याचा अभाव या तीन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी जुळाव्या लागतात. पहिल्या दोन्ही आपल्या हाती थोड्याच असतात. तिसरी मात्र बव्हंशी आपली. इंग्लंडमधील रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वस्तीत १९८० नंतरच्या दशकात जो प्रयोग झाला, त्यात एकदा फुटलेले घरच पुन्हा फुटते असे आढळले, आणि अशा घराभोवतालच्या पाच-सहा शेजाऱ्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवण्याचे ठरविल्यावर, इतर उपायांच्या जोडीने, तेथील घरफोड्या फार मोठ्या प्रमाणावर घटल्या. जागल्या आणि वेसकर यांची जी व्यवस्था आपण अडगळीत टाकली, तिचेच तत्त्व परदेशी विद्वानांनी मोजून-मापून पुन्हा सिद्ध केले, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

परंतु राखणदार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो तो फाटकाशी एका खोलीत राहणारा, महिनोन्‌महिने पगार थकलेला चौकीदार. चौकीदार ठेवावयाचा तर त्याची पूर्वपीठिका पोलिसांकडून पडताळून घ्यावी, संस्थेमार्फत घ्यावयाचा तर ती २००५ च्या कायद्याखाली परवानाधारक आहे हे पाहावे. पण त्याचबरोबर वेतन वेळेवर, आठवड्याची सुटी, राहण्यास कोरडी खोली, आजारपणात औषध आणि दिवाळीस नवे कपडे, हे त्याचे हक्क समजावेत. जो मालक राखणदाराच्या मुलाचे नाव जाणत नाही, त्याने आपल्या घराची प्रत्येक खुंटी राखणदाराने जाणावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. शेजारच्या वावरातील शेतकरी, त्याचा सालदार, दूध घालणारा, पोलीस पाटील, यांच्याशी वर्षभर संबंध ठेवावा. पाहुण्यांची न्याहारी गावातल्या बायकांच्या हातची, भाजी गावच्याच मळ्यातली, दुरुस्ती गावच्याच सुताराकडून असावी. घरापासून ज्या दहा कुटुंबांस काही मिळते, त्या घरावर दहा कुटुंबांचे लक्ष राहते.

येथे एका अन्यायाचा उच्चार करणे मी माझे कर्तव्य समजतो. घर फुटले की पहिला संशय जवळच्या बेड्यावरील, म्हणजे वस्तीवरील, पारध्यावर, नाहीतर मोलकरणीवर जातो. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींस जन्मतः गुन्हेगार ठरविले. १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने तो कलंक पुसला आणि त्यांस विमुक्त म्हटले. कायद्यातून गेलेली ती नोंद आपल्या मनांतून अजून गेलेली नाही. पुराव्यावाचून एखाद्याचे नाव फिर्यादीत घालणाऱ्याचे एखादे भांडे परत मिळेलही, पण त्या माणसाचा रोजगार, त्याच्या मुलांची शाळा आणि त्याची झोप यांची जी चोरी होते तिची फिर्याद कोणी नोंदवीत नाही. शिवाय ज्यांस आपण संशयाने दूर लोटतो, त्यांचे डोळे आणि कान आपल्या घरास कायमचे पारखे होतात. रात्री रानावनातून हिंडणाऱ्या माणसाइतकी अनोळखी पावलांची पारख दुसऱ्या कोणास असणार?

इतके करूनही चोरी झालीच, तर काय करावे हेही माहीत असले पाहिजे. कोयंडा तुटलेला दिसताच एकट्याने आत शिरू नये, कशासही हात लावू नये. ११२ या क्रमांकावर कळवावे आणि पंचनामा होईपर्यंत सर्व जसेच्या तसे ठेवावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत राहत्या घरातील चोरीस कलम ३०५ अन्वये सात वर्षांपर्यंत, आणि चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीस कलम ३३१ अन्वये चौदा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. दूर राहणाऱ्या मालकास उपयोगी अशी तरतूद म्हणजे इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेली खबरही आता ग्राह्य असते, मात्र तिच्यावर तीन दिवसांच्या आत सही करावी लागते. चोर सापडून मुद्देमाल हस्तगत झाला तर तो न्यायालयाच्या हुकमाने परत मिळतो. तेथे खरेदीच्या पावत्या आणि यंत्रांचे क्रमांक हीच मालकीची साक्ष ठरते. विम्याच्या बाबतीत अनेकांची फसगत होते: २०२१ पासून विमा कंपन्यांनी देऊ केलेली ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित योजना आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तींसाठी आहे, चोरीची भरपाई तीत मिळते ती अशा आपत्तीपायी सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीचीच. घरफोडीचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि घर भाड्याने दिले जाते व दीर्घकाळ बंद असते हे करारनाम्यापूर्वीच स्पष्ट लिहून द्यावे, नाहीतर नेमक्या वेळी त्याच मुद्द्यावर दावा अडतो.

अशा रीतीने कुलूप, यंत्र, कायदा आणि विमा या सर्वांचा हिशेब मांडला, की दिसून येते की प्रत्येक साधन दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असते. कुलूप वेळ मिळवून देते, पण त्या वेळात येणारा कोणी हवा. भोंगा वाजतो, पण ऐकणारा हवा. कायदा शिक्षा देतो, पण पाहणारा साक्षीदार हवा. ज्याची सर्व साधने वाट पाहतात तो म्हणजे माणसांचा राबता. तो दुकानात मिळत नाही आणि दूर राहून चालविता येत नाही. तो वेतनाने, व्यवहाराने आणि आपुलकीने वर्षानुवर्षे जोडावा लागतो.

आश्विनात त्याच स्नेह्यांच्या घरी पुन्हा जाण्याचा प्रसंग आला. कुलूप तेच होते. कोयंडा आता आरपार बोल्टांनी बसविला होता, आणि कूलरच्या जागेवर लोहाराने केलेला पिंजरा भिंतीत रुतला होता. त्याहून वेगळे काही दिसले ते अंगणात. शेजारच्या वावरातल्या सालदाराच्या घरच्या बाईंशी मासिक ठराव झाला होता. त्या सकाळी येऊन सडा घालीत, संध्याकाळी ओसरीवर दिवा लावीत, आणि पाहुणे असले की भाकरी-पिठले करून देत. आम्ही पोहोचलो तेव्हा धनी महिनाभर तेथे नव्हते, पाहुणेही नव्हते. पण सडा ओला होता, आणि फाटकापासून ओसरीपर्यंत त्या ओल्या मातीत एकाच माणसाच्या पावलांचा, जाण्याचा आणि येण्याचा, माग उमटलेला होता.